तांब्या कोणाच्या हातून पडला

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलींना नाही. देवापुढे बसले तर तिथेही भलतंच काही मागून उठले. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि घरात आता ऐकणारं कोणी उरलेलंही नाही. सौंसरच्या या घरात संध्याकाळी मी आणि रेडिओ, दोघंच.

तशी गोष्ट एका तांब्याची आहे. हसाल. एवढ्याशा तांब्यासाठी म्हातारी इतके आढेवेढे का घेते?

राज्यं नव्याने पाडायची होती, तो उन्हाळा. नागपूर मुंबईकडे जाणार, आमचं सौंसर आणि माझं माहेर पांढुर्णा मध्यप्रदेशातच राहणार — घरोघरी हेच बोलणं. थोरल्या दिरांनी सरकारी नोकरी नागपूरला मागून घेतली होती. जाण्याआधी सगळ्यांनी मिळून कन्हानच्या काठाकाठाने जावं, पहाटे पाण्यावर येणारी हरणं बघावी, ही त्यांची हौस. बैलांच्या दोन दमण्या जुंपल्या. सासूबाईंना मात्र हौसेपेक्षा शकुन हवा होता. लेक दुसऱ्या राज्यात चाललेला, हरणं उजवीकडे गेली तर त्याचं भलं होणार होतं.

आणि वन्सं होत्या. माझ्या नवऱ्याची बहीण, सोळाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परतलेली. डोकं असं, की गल्लीतली उनाड पोरंही त्यांच्यापुढे मुकाट पाटी घेऊन बसायची. दीर त्यांना नागपूरला नेणार होते, मास्तरणीच्या ट्रेनिंगला घालणार होते. साऱ्या रस्त्यात त्या त्याचंच बोलत होत्या. इतकं बोलताना मी त्यांना पुन्हा कधी पाहिलं नाही.

मी? मी नवी नवरी. माझं लग्न झालं आणि महिन्याभरात गोठ्यातली दुभती गाय गेली. सासूबाई तोंडावर काही म्हणाल्या नाहीत, पण शेजारणीपाशी पायगुण काढला, तो मी ऐकला होता. त्या गाईचं मी काय केलं होतं? पण हे सांगून मी सुटू बघते आहे. ते नको.

रामाकोन्याच्या पुढे, टरबुजाच्या वाड्या संपतात तिथे मुक्काम पडला. उजाडताना सगळे दमणीच्या आडोशाला बसलो. बैलांच्या घंटा काढून गवतात खुपसल्या होत्या. माझ्या हातभर हिरव्या बांगड्या वाजू नयेत म्हणून वन्संनीच त्यांच्यावर चिंधी गुंडाळून दिली. त्यांच्या स्वतःच्या हातांत वाजण्यासारखं काही नव्हतंच.

आणि हरणं आली. आधी एक, मग मागून अख्खा कळप. सासूबाईंनी हात जोडले. मला नेमकी तेव्हाच घशात खवखव सुटली. वन्संनी न विचारता तांब्या पुढे केला. मी घेतला — पण नीट धरला नाही. माझं लक्ष हरणांकडे होतं.

तांब्या दगडावर आपटला आणि खणखणत उतारावरून पाण्यापर्यंत गेला. कळप उधळला तो डावीकडे.

"तांब्या कोनाच्या हातून पडला?" सासूबाईंनी विचारलं.

इथवर आले की दरवेळी माझं मन मागे फिरतं. मी घाबरले होते का? होते. पण भीतीने तोंडातून काहीबाही निसटतं, तसं हे निसटलं नाही. मी विचार केला आणि मग बोलले.

"तांब्या तर वन्संपाशी होता."

वन्संनी माझ्याकडे पाहिलं. वाट पाहिली असावी. मी मान खाली घालून बांगड्यांवरची चिंधी सोडत बसले. त्या काहीच बोलल्या नाहीत. का? माझी लाज राखली? की आपलं कोण ऐकणार, असं वाटलं? मी कधी विचारलं नाही.

परतताना जाऊबाई म्हणाल्या, "मी काही वाईट म्हनून नाही राहिली. पन नव्या बिऱ्हाडात पहिलं पाऊल वन्संचं नको." सासूबाईंनी पोटच्या लेकीची बाजू घेतली नाही. दीर म्हणाले, पुढच्या वर्षी नेऊ. पुढच्या वर्षी कोणी नाव काढलं नाही. मीही नाही.

आणि खरं सांगू? माझं भलंच झालं. वन्सं घरी राहिल्या म्हणून माझी बाळंतपणं निभावली. मुलींना बाराखडी त्यांनीच गिरवायला लावली. थोरली मास्तरीण झाली तेव्हा लोक म्हणाले, आईचे गुण. मी तेही गोड मानून घेतलं. नागपूरला दिरांकडे कार्य निघालं की आम्ही सगळे जायचो. घर राखायला वन्सं.

त्यांना एकच खोड होती. दूध असो, वरणाचं गंज असो, माझ्या हातात देताना त्या भांडं लगेच सोडत नसत. दोन्ही हातांनी धरून ठेवायच्या आणि माझ्याकडे न बघता, भांड्याकडे बघत विचारायच्या, "धरलं नं, वहिनी?" दुसऱ्या कोणाला त्यांनी असं विचारलेलं मी ऐकलं नाही. शेवटच्या दुखण्यात औषधाची रिकामी वाटी परत देतानाही त्यांनी विचारलं.

"धरलं," मी म्हणाले. जन्मभर त्यांना एवढंच म्हणत आले.