पाहुण्यांसाठी भरलेले हंडे

माझं माहेर शहापूर तालुक्यातलं, धरणाच्या बाजूचं. लग्न होऊन आले ती मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका वाडीत. माहेरचं पाणी पाइपातून मुंबईला जायचं, सासरचं पाणी खालच्या विहिरीतच राहायचं. हंडा दोन्हीकडे माझ्या डोक्यावर होता. ग्रामपंचायतीची सदस्य झाले तेव्हा पहिल्याच मीटिंगला हे बोलून दाखवलं आणि भांडकुदळ म्हणून माझं नाव झालं. ते मला आवडतं.

आमच्या वाडीत सरकारी नळ आहेत. प्रत्येक दारात एक, सिमेंटच्या ठोकळ्यात रोवलेला. खाली ओढ्याकाठी विहीर, वाडीच्या वर टाकी, मधे पाइप. विहिरीवर मोटर तेवढी नाही. चाचणीच्या दिवशी ठेकेदाराने कुठूनशी मोटर आणली, नळाला पाणी आलं, फोटो निघाले, वेशीवर ‘काम पूर्ण’ असा बोर्ड लागला आणि संध्याकाळी मोटर परत गेली. मी तालुक्याच्या ऑफिसात चकरा मारल्या. तिथला बाबू म्हणाला, “कागदावर मोटर बसलेली आहे बाई. बसलेली मोटर परत कशी मंजूर करणार?” त्यानंतर नळांचा उपयोग आम्ही ओली फडकी वाळत घालायला करू लागलो.

तेव्हा कुणीतरी सुचवलं की कारखान्यांकडे सामाजिक कामासाठी पैसा असतो, त्यांना अर्ज करा. माहेरी गेले तेव्हा भावापाशी विषय काढला. तो भिवंडीच्या गोदामात कामाला आहे आणि टीव्हीवरच्या चर्चा मन लावून ऐकतो. तो उखडलाच. “सरकारचं काम कंपनीनं का करायचं ताई? उद्या शाळा पण त्यांनाच चालवायला देशील.” मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाला, “पन ते उपकार नाय करत हां. कायदाच हाय. नफ्यातला वाटा द्यावाच लागतो त्यांना.” दोन्ही मुद्दे मला पटले. त्याने अर्ज सुंदर अक्षरात लिहून दिला आणि मी तो एका कारखान्यात नेऊन दिला.

मार्च लागता लागता निरोप आला की कंपनीच्या मॅडम पाहणीला येणार. इथे मी चुकले, ते सरळ सांगते. आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला आधी पाणी देतात, मग कोण, कुठले, काय काम ते विचारतात. पाय धुवायला बादली, प्यायला तांब्या. शत्रू आला तरी हेच. त्यात कंपनीची माणसं येणार, तर वाडी कशी दिसली पाहिजे, याचं मलाच वेड लागलं. मी घरोघर जाऊन सांगितलं, अंगणं सारवा, हंडे घासा, भरून ठेवा. कुणाच्या घरी पाहुण्याला पाणी कमी पडलं असं होता कामा नये.

माझी मोठी जाऊ शेजारच्याच घरात राहते. आदल्या पावसाळ्यात तिचं पिशवीचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरीणबाईंनी वजन उचलायचं नाही म्हणून बजावलं होतं. एरवी तिचं पाणी मी भरायची. पाहणीच्या दिवशी सकाळी मी हार आणि नारळ आणायला धसईच्या बाजारात गेले होते. परत आले तर तिच्या ओट्यावर चार हंडे भरलेले, चकचकीत. विहिरीवरून चढ चढून यायला अर्धा तास लागतो.

“तुमी कशाला गेलात?” मी ओरडले.

“पावनी येनार ना गो,” ती म्हणाली. एक हात पोटावर दाबून धरला होता.

मॅडम आली. तरुण पोरगी, पायात बूट, बोलायला गोड. पाय धुतले, पाणी प्यायली, म्हणाली गावाकडचं पाणी किती थंड असतं. ओट्यावरच्या हंड्यांचा तिने मोबाइलवर फोटो काढला. सारवलेल्या अंगणाचाही काढला. विहीर दाखवते म्हटलं, पण तिला पुढे दोन गावं करायची होती. आम्ही सगळ्या बायका तिला रस्त्यापर्यंत सोडायला गेलो.

महिन्याभराने ग्रामपंचायतीत पत्र आलं. ‘महिलांकडे पुरेसा पाणीसाठा आढळला. सबब अन्य गरजू उपक्रमास प्राधान्य देण्यात येत आहे.’ गरजू उपक्रम म्हणजे नाक्यावरची बाग. तिथे कंपनीच्या नावाचा मोठा फलक, दोन बाक आणि सेल्फी काढायला एक रंगीत बदाम. बागेला पाणी घालायला टँकर येतो. मी स्वतः पाहिला आहे.

पत्र मी जावेला वाचून दाखवलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “म्हंजे मी भरून ठेवलं म्हनून नाय दिलं?” लोकांवर रागावायची मला सवय आहे. त्या दिवशी माझा मलाच राग आला, आणि तो पुढे वर्षभर गेला नाही.

मी कंपनीला पत्रांवर पत्रं पाठवली. शेवटी पुढच्या उन्हाळ्यात तीच मॅडम पुन्हा येणार असं कळलं. या वेळी मी घरोघर जाऊन उलटं सांगितलं. पाणी लपवायचं नाही, खोटं काही करायचं नाही, पण तिच्यासाठी एक खेप जास्त करायची नाही. आदल्या दिवसाचं पाणी सकाळच्या स्वयंपाकात संपतं, तर संपलेलंच दिसू दे. बायका कुरकुरल्या, पण ऐकलं. जाऊ म्हणाली, “दारातल्या मानसाला पानी नाय द्यायचं? असलं मी कदी केलं नाय.” मी म्हटलं, यंदा करायचं.

मॅडम भर दुपारी आली. ओट्यावर बसली. हंडे पालथे होते. तिने इकडेतिकडे पाहिलं, ओढणीने तोंड पुसलं. जाऊ दाराच्या आत उभी, हातात रिकामा तांब्या. जरा वेळाने मॅडमने पिशवीतून स्वतःची बाटली काढली आणि आमच्या ओट्यावर बसून स्वतःचं पाणी प्यायली. मला मान वर करवेना. मग तिचं लक्ष तांब्याकडे गेलं असावं. उरलेली अर्धी बाटली तिने जावेपुढे धरली आणि म्हणाली, “काकू, तुम्ही घ्या ना.”

जावेने ती घेतली नाही. पदर तोंडाला लावून आत गेली. पाहुणीने घरातल्या बाईला पाणी विचारावं, हे आमच्या वाडीत कुणी पाहिलं नव्हतं.

मॅडमने बाटलीचं झाकण लावलं. मग उठून म्हणाली, “मागच्या वेळी ते सगळं माझ्यासाठी भरलं होतं का?” मी हो म्हटलं. कुणी भरलं, तेही सांगितलं. ती म्हणाली, “मला विहीर दाखवा.” उतरताना ती बोलत होती, चढताना तिच्याने बोलवेना. मधल्या आंब्याखाली दोनदा बसली. वर आल्यावर तिने वहीत बरंच काही लिहिलं.

पावसाच्या आधी मोटर आली. कुणाचा बोर्ड लावायचा यावर थोडी वादावादी झाली. सरकारी बोर्ड आधीच ‘काम पूर्ण’ म्हणत होता, तेव्हा कंपनीने आपला त्याच्याखाली लावला. माझा भाऊ मुद्दाम बघायला आला आणि म्हणाला, एकाच मोटरीला दोन बाप. मी त्याला चहा दिला. खरं सांगायचं तर मला त्या दिवशी बोर्डाशी काही देणंघेणं नव्हतं. जाऊ नळापाशी उभी राहून तांब्या भरत होती. रिकाम्या तांब्याच्या त्या दुपारपासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलायची.

तांब्या भरून तिने माझ्यासमोर ओट्यावर ठेवला. “त्या पोरीला फोन लाव,” म्हणाली.

मी लावला, स्पीकरवर ठेवला. मोटर बसल्याचं सांगितलं. मॅडमला आनंद झाला, पण म्हणाली की तिने ती नोकरी सोडली, आता दुसऱ्या कंपनीत आहे आणि हे काम तिच्याकडे नाही. पुढचं काही असेल तर नव्या साहेबांशी बोला.

जाऊ फोनजवळ वाकली. “कामाला कोन बोलवतंय गो? पानी प्यायला ये.”

पलीकडून तिने विचारलं, धसईहून तुमच्या वाडीकडे यायला एसटी किती वाजता असते?