मेपलखालचं अळू

मंडळी, आज सकाळी कुंडीतलं अळू जमिनीत लावायचं म्हणून मागच्या अंगणातल्या मेपलच्या सावलीतलं सगळं तण उपटलं. थोड्याच वेळात हात खाजायला लागले, अळू चिरताना खाजतात तसे.

शेजारची डोरोथी बॉटनी शिकवते. कुंपणापलीकडून म्हणाली, "अगं, ते तण नव्हतं. इथलंच रानफूल आहे, सावलीतच येतं. तुझ्या अळूच्याच कुळातलं."

लेक हसली, "आई, यू किक्ड आउट द कझिन."

कचऱ्याच्या पिशवीतून सात कंद शोधून परत लावले. तेव्हापासून चारदा जाऊन पाहून आले. जगतील ना?

अळू कुंडीतच राहील. पण ज्याचं नाव माहीत नाही त्याला तण म्हणायची सवय मला कधी लागली? तुमच्या अंगणात काय आहे, विचारलंय कधी कुणाला?