स्पीकर बंदच राहू द्या

आमच्या कॉलनीचे सचिव मुलाकडे परदेशात राहून आले आणि येताना एक कल्पना घेऊन आले. चॉकलेटं आणली असती तरी चाललं असतं. तिकडे म्हणे सुट्टीच्या दिवशी लोक बिघडलेल्या वस्तू घेऊन एका हॉलमध्ये जमतात आणि ज्यांना येतं ते त्या फुकट दुरुस्त करून देतात. शेजाऱ्याची वस्तू मागून न्यायची आणि बिघडवून परत करायची, ही सेवा आमच्या कॉलनीत आधीपासून फुकटच होती. आता पुढचं पाऊल पडणार होतं.

शहराबाहेर सिलतऱ्याच्या प्लांटमध्ये मेन्टेनन्सला नोकरी केलेला माणूस म्हणून माझं नाव सेवाभावी कार्यकर्त्यांत सगळ्यात वर होतं. मला कोणी विचारलं नव्हतं. बायकोनं परस्पर होकार कळवला होता. "घरी बसून काय करून राहिले तुम्ही?" एवढंच ती म्हणाली.

रविवारी सकाळी कम्युनिटी हॉलमध्ये गेलो तर स्क्रूड्रायव्हर दोन आणि हारतुरे टोपलीभर. दीपप्रज्वलन झालं. सचिवांनी 'फेकू नका, जोडा' या विषयावर इतकं सविस्तर भाषण केलं की इस्त्री घेऊन आलेल्या एक ताई घरी जाऊन वरणाचा कुकर लावून परत आल्या.

मग कामाला सुरुवात झाली. पंखे आले, मिक्सर आले. एका गृहस्थांनी तळाला भोक पडलेली बादली आणली आणि मी ती नाकारल्यावर मेळाव्याच्या हेतूबद्दलच शंका घेतली. तरी तीन-चार पंखे फिरले, इस्त्री तापली आणि मला जरा बरं वाटू लागलं.

तेवढ्यात दुसऱ्या माळ्यावरचे भाऊ आले. रेल्वेतून निवृत्त झालेला, अतिशय सज्जन माणूस. त्यांच्या हातात माईकवाला स्पीकर होता आणि तो पाहून हॉलमधली बोलणी एकाएकी थांबली.

निवृत्तीनंतर भाऊंना कळलं होतं की आपला गळा चांगला आहे. हे कळणारे ते एकटेच. रोज दिवेलागणीला ते बाल्कनीत बसून जुनी गाणी म्हणत. स्पीकरमध्ये घुमवण्याचं एक बटण होतं, ते भाऊ कधीच बंद करत नसत. त्यामुळे प्रत्येक ओळ आम्हाला दोनदा ऐकायला मिळे. महिन्यापूर्वी तो स्पीकर अचानक मुका झाला आणि कॉलनीत टीव्हीचा आवाज ऐकू येऊ लागला.

"पहा बरं याले काय झालं," ते म्हणाले. "संध्याकाळ जात नाही मले."

"वेळ लागेल. तुम्ही चहा घेऊन या," मी म्हटलं.

ते चहाकडे वळताच मी मागचं झाकण उघडलं. एक तार सुटली होती, बस. सोल्डरचा एक थेंब टाकला की काम झालं असतं. मी मान वर केली तर टेबलाभोवती अर्धी कॉलनी उभी. मिक्सरवाल्या दीदी गोड आवाजात म्हणाल्या, "भैया, आराम से देखिए. कोई जल्दी नहीं है." सचिव माझ्या कानाशी वाकले. "सगळ्याच वस्तू दुरुस्त होतात असं नाही. तिकडेही काही परत पाठवतात." सकाळी फेकू नका म्हणणारे तेच हे गृहस्थ.

मी अडचणीत सापडलो. तिकडे भाऊ कप हातात धरून माझ्याकडेच पाहत होते, दवाखान्यात आत कोणी असताना बाहेर बसलेला माणूस पाहतो तसे. इकडे 'पार्ट मिळत नाही' हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं.

तेवढ्यात भाऊंची बायको पुढे आली. लोकांनी तिला आदरानं वाट करून दिली. सगळ्यात जवळून तिनंच सोसलं होतं, तेव्हा निकाल तिनंच द्यावा असं सगळ्यांना वाटलं असावं.

"काय झालं होतं त्याले?" तिनं विचारलं.

"तार सुटली, वहिनी."

"मग काहून थांबले? लावून द्या."

मिक्सरवाल्या दीदींना राहवलं नाही. "भाभी, आपको तकलीफ नहीं होती?"

"गाण्याची होते नं," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "पण हे बंद पडल्यापासून ते माझ्याशी बोलून राहिले. संध्याकाळभर. डब्यावर डाळीचं नाव काहून नाही लिहिलं, फोडणीत मोहरी आधी काहून टाकली, झाडू उभा काहून ठेवला. सदतीस वर्षांत विचारलं नाही ते सगळं विचारून झालं. गाणं म्हणतात तेव्हा कमीत कमी उत्तर तरी द्यावं लागत नाही."

मी सोल्डरिंगची कांडी तापवली आणि तार लावून दिली. भाऊंनी माईक हातात घेतला, घसा खाकरला आणि तपासून पाहण्यासाठी म्हणून एक अख्खं गाणं म्हटलं. मेळावा वेळेआधीच संपला. आभारप्रदर्शन ऐकायला सचिव आणि मी, असे दोघेच उरलो होतो.

पुढचे काही दिवस मला लिफ्टमध्ये कोणी नमस्कार केला नाही. घरी बायको खिडक्या लावताना माझ्याकडे पाहत असे. एकदा मी संध्याकाळी दूध घेऊन येत होतो. वर बाल्कनीत भाऊ डोळे मिटून गात होते. खाली ओट्यावर वहिनी मेथी निवडत एकट्याच बसल्या होत्या. मी दिसताच त्यांनी सरकून जागा करून दिली.

"बसा थोडं," त्या म्हणाल्या. "अजून तासभर तरी चालते त्यांचं."

मी पिशवी बाजूला ठेवली आणि बसलो. त्यांनी मेथीची अर्धी जुडी माझ्या पुढ्यात सारली.