उलकानचं शिफारसपत्र

ताशकेचूच्या इस्पितळात रक्त शुद्ध करणारी सहा यंत्रं होती आणि ती चालू ठेवणारी उलकान एकटी होती. हुद्दा मेकॅनिकचा. वय त्रेचाळीस, नवरा वारलेला, मुलगी लग्न होऊन कोचकोरला गेलेली. मूत्रपिंडं निकामी झालेली चोवीस माणसं आठवड्यातून तीनदा त्या यंत्रांना चार-चार तास जोडली जायची, आणि तिचा जीव सगळा त्या खोलीत असायचा.

यंत्रांपेक्षा तिला काळजी पाण्याची. गावच्या पाण्यातलं क्लोरीन कोळशाच्या टाकीत अडायचं, मग ते पाणी यंत्रात जायचं. कोळसा दमला, क्लोरीन निसटलं, तर माणसाच्या अंगातल्या रक्तपेशी फुटतात. कोळसा चार वर्षांचा झाला होता. तिने तीनदा लेखी कळवलं. मुख्य डॉक्टर मेदेर असानोविच कागद खणात टाकत म्हणाले, "मेकॅनिकच्या कागदावर खरेदी होत नाही, उलकान. इंजिनिअरची सही लागते."

राजधानीतून इंजिनिअर वर्षातून दोनदा यायचा. चहा प्यायचा, टाकीला हातही न लावता 'ठीक' असं लिहून जायचा.

म्हणून तिने ठरवलं, आपणच इंजिनिअर व्हायचं. राजधानीत, बिश्केकच्या एका विद्यापीठात वैद्यकीय अभियांत्रिकीची दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी होती. अटी तिने वहीत उतरवून घेतल्या. तांत्रिक शाखेची पदवी हवी. तिच्याकडे घरी बसून पत्रद्वारा मिळवलेली विद्युत शाखेची होती. पण शाखा वेगळी, म्हणून गणित आणि शरीरशास्त्र असे दोन जादा पेपर. शिवाय दोन शिफारसपत्रं, त्यातलं एक नोकरीच्या ठिकाणच्या प्रमुखाचं.

गणित सोडून तिला वीस वर्षं झाली होती. ते शिकवायला माणूस मिळाला तो खिडकीजवळच्या तिसऱ्या यंत्रावर. तोकोन आगाय, म्हणजे तोकोन गुरुजी, शाळेतले तिचे जुने गणिताचे मास्तर. सोमवार, बुधवार, शुक्रवार ते डावा हात यंत्राला देऊन पडायचे आणि उजव्या हाताने तिच्या वहीवर रेघा मारायचे.

"हे काय लिहिलंस?"

"उत्तर, आगाय."

"उत्तर? या आजारात मला दिवसाला चहा किती चालतो, तर दोन पेले. त्यातला एक मी तुला शिकवताना पितो. तो असा वाया घालवू नकोस. पुन्हा कर."

नर्स चिनार हसायची. उलकानला ती एजे, म्हणजे ताई म्हणायची. "एजे, शाळेतही असंच बोलायचे का हे?"

"शाळेत खडू मारायचे. आता एक हात बांधलाय म्हणून मी वाचले."

एक शिफारसपत्र आगायांनीच दिलं. दुसऱ्यासाठी ती मेदेर असानोविचांकडे गेली.

"तू गेलीस तर इथे कोण?"

"दर महिन्याला एकच आठवडा जायचंय. बाकी इथेच."

"तो एक आठवडा कोण, ते विचारतोय. आधी पास तर हो. पत्राचं मग बघू."

विद्यापीठाने पत्रासाठी वीस ऑगस्टपर्यंत मुदत दिली. परीक्षा जुलैतल्या एका शुक्रवारी होती. गुरुवारी सकाळी निघताना तिने चिनारला बजावलं, "प्रत्येक पाळीआधी पाण्यात क्लोरीनची पट्टी बुडवायची. रंग बदलला तर कुणालाही जोडायचं नाही. पट्ट्या आहेत ना?"

"आहेत, एजे. तुम्ही निघा, टॅक्सी जाईल."

उलकानने डबी उघडून पाहिली नाही.

दुपारी वर डोंगरात पाऊस झाला, नदीला चिखलाचा लोंढा आला आणि पाणीपुरवठ्यावाल्यांनी क्लोरीन दुपटीने ओतलं. चिनारने संध्याकाळच्या पाळीला शेवटची पट्टी वापरली; रंग जेमतेम ठीक होता. शुक्रवारी सकाळी डबी रिकामी. तिने उलकानला फोन लावला. उलकानचा फोन परीक्षेच्या दालनाबाहेर, इतरांच्या फोनांबरोबर टोपलीत आवाज बंद करून ठेवलेला होता. मग तिने मेदेर असानोविचांना विचारलं.

"काल ठीक होतं ना? मग सुरू करा. माणसं ताटकळलीत."

उलकान बाहेर आली तेव्हा फोनवर अकरा हुकलेले कॉल होते. तिने चिनारला फोन लावला.

"एजे, नळ्यांतलं रक्त द्राक्षाच्या रसासारखं झालंय. सगळ्यांची पाठ दुखतेय. आगायांना श्वास लागलाय."

"नळ्या बंद कर. रक्त परत आत सोडू नकोस. ऐकतेयस? एक थेंबही नाही. ऑक्सिजन लाव, नवीन रक्त मागव."

"हे सुरू होऊन तासभर झालाय, एजे."

ती मिळेल त्या टॅक्सीत बसली. वाटेतल्या दोलोन घाटात चिखल साफ होईपर्यंत गाड्या अडकून होत्या. त्या पाळीतल्या सहांपैकी पाच माणसं वाचली. तोकोन आगाय दुपारी दोन वाजता गेले.

मयतासाठी आगायांच्या अंगणात युर्ता, लोकरीचा गोल तंबू, उभा केला होता. आत बायका भिंतीकडे तोंड करून हेल काढून रडत होत्या. उलकान त्यांच्यात जाऊन बसली. आगायांची बायको बुबुकान रडायची थांबली आणि तिने उलकानचं मनगट धरलं.

"एकच विचारते. तू इथे असतीस तर?"

उलकानला गप्प राहता आलं असतं. ती म्हणाली, "वाचले असते, अपा."

बुबुकानने हात सोडला आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

आठवड्याने निकाल लागला. उलकान यादीत चौथी होती. चौकशी समिती यायच्या आदल्या दिवशी मेदेर असानोविचांनी तिला बोलावलं. टेबलावर तिचं शिफारसपत्र टाइप करून ठेवलं होतं, फक्त सही बाकी होती.

"हुशार आहेस तू, शिकायलाच हवंस. जबाबात एवढंच लिही, टाकी ठीक होती आणि चिनारने पाणी तपासलं नाही. खोटं कुठे आहे? नाहीच तपासलं तिने."

"पट्ट्या नव्हत्या. तिने तुम्हाला विचारलं होतं."

"ते तिचं म्हणणं. पोरगी तरुण आहे, दुसरीकडे लागेल कामाला. तुझी ही शेवटची संधी आहे."

उलकानने पत्र पुरतं वाचलं. तिच्याबद्दल इतकं चांगलं आजवर कुणी लिहिलं नव्हतं. तिने ते टेबलावर परत ठेवलं.

जबाबात तिने कोळशाच्या तिन्ही पत्रांच्या तारखा लिहिल्या, चिनारचा फोन लिहिला. शेवटी लिहिलं, निघण्यापूर्वी पट्ट्यांची डबी मी स्वतः उघडून पाहायला हवी होती, ती पाहिली नाही. समितीतल्या बाईने विचारलं, "हे शेवटचं काढायचंय का? नुकसान तुमचंच आहे." ती नाही म्हणाली.

तिची तिन्ही पत्रं इस्पितळाच्या नोंदवहीत सापडली नाहीत. चिनारला ताकीद मिळाली, पण नोकरी टिकली. उलकानला परवानगी न घेता गैरहजर राहिल्याबद्दल एक पायरी खाली उतरवलं. रजा तिने तोंडी मागितली होती आणि तोंडीच मिळाली होती. मेदेर असानोविचांना काही झालं नाही. कोळसा मात्र चार दिवसांत बदलला.

वीस ऑगस्ट आला आणि गेला. तिची जागा यादीतल्या पुढच्याला मिळाली.

खिडकीजवळच्या यंत्रावर सप्टेंबरात एक मेंढपाळ बाई येऊ लागली. यंत्रावर जागा मिळावी म्हणून दोन वर्षं ती प्रतीक्षायादीत खोळंबली होती. पहिल्या दिवशी तिने विचारलं, "माझ्याआधी इथे कोण होतं?"

चिनार औषधाच्या ट्रॉलीकडे वळली. उलकान नळी लावता लावता म्हणाली, "माझे मास्तर," आणि बाईला हात सैल सोडायला सांगितलं.