खोकं म्हनालं, मी जेवत नाही

काकूंनी दात घट्ट आवळून धरले होते, आन सुई मी आधीच देऊन बसले होते.

सुई म्हंजे इन्सुलिन. शुगरच्या पेशंटला जेवणाआधी पोटावर टोचतात. टोचल्यावर जेवायलाच लागतं. नाय जेवलं तर शुगर खाली जाते. आधी घाम येतो, हातपाय कापतात, मग मानूस बरळतं, मग पडतं. कधी कधी उठत नाय.

मी पेशंट सांभाळायचं काम करते. कामाला लावनारे ब्युरोवाले केअरटेकर म्हनतात. आधी सिन्नरला बिड्या वळल्या. मालक, म्हंजे माझा नवरा, गेले, बोटं वाकडी झाली, मग नाशिकला आले. या काकू गंगापूर रोडला राहतात. एकट्याच. डोक्यानं थोड्या विसरभोळ्या. मुलगा मंदार जर्मनीला. त्यानं त्यांच्या उशाशी एक खोकं बसवलं होतं. डब्यावढं. त्यातून मंदारच्याच आवाजात बोलायचं. हाक मारली की उत्तर द्यायचं.

काकूंची एक सवय. मंदार शाळेत होता तेव्हापासूनची. तो जेवल्याबिगर आपन घास तोंडात घालायचा नाय. रोज ताट पुढं आलं की विचारायच्या, "मंदू, जेवलास का रे?" खोकं म्हनायचं, "हो आई, जेवलो." मग त्या जेवायच्या. मला ते पटायचं नाय, पन मी गप होते. माझं काम ताट रिकामं करायचं.

त्या दिवशी त्यांनी विचारलं तसं खोकं म्हनालं, "मी जेवत नाही, आई. पण तू वेळेवर जेव हं."

काकू हातातला घास खाली ठेवून म्हनाल्या, "का रे? का जेवत नाहीस?"

"मला जेवायची गरज नसते, आई."

"रागावलास माझ्यावर?"

"मी रागावत नाही, आई."

झालं. आपल्यात रुसलेलं पोर असंच बोलतं. मी जेवत नाय, मला गरज नाय, मी रागावलो नाय. काकूंनी ताट लोटलं. "पोरगा उपाशी बसलाय आणि मी गिळू?"

मी म्हनलं, "काकू, ते खोकं हाय. तुमचं पोरगं नाय."

"तू बाहेर हो. माझ्या मुलाला खोकं म्हणतेस?"

साखरेचं पानी आनलं. काकूंनी तोंड फिरवलं. चमचा लावला, थुंकल्या. कपाळावर घामाचे थेंब आले. मी मंदारला व्हिडिओ कॉल लावला. तो गाडीत बसून ऑफिसला निघालेला.

"मावशी, मी नंतर करू का? मीटिंग आहे."

"नंतर आई नसंल. जेवलो म्हना तिला. आत्ता."

त्यानं गाडी बाजूला घेतली. "आई, मी जेवलो बरं का."

काकूंनी फोनकडं बघितलं. डोक्यावर केस नाय, चष्मा, दाढी पिकलेली. "हे कोण गृहस्थ?" मला विचारलं. "मंदूचा आवाज तर तिकडे आहे." आन खोक्याकडं बोट दाखवलं.

मंदारचं तोंड उतरलं. मला त्याची दया आली नाय. त्या घडीला नाय.

"काय खायला हाय गाडीत?" मी वरडले.

"ब्रेड... ब्रेड आहे, मावशी."

"खा मग! तिच्यासमोर खा!"

त्यानं पाव तोंडात कोंबला. डोळ्यातनं पानी गळत होतं आन चावत होता. तसाच म्हनाला, "आई, बघ, खातोय."

काकू वाकून बघायला लागल्या. मग एकदम म्हनाल्या, "मंदू, तोंडात घास असताना बोलू नये. किती वेळा सांगितलं?"

आन तोंड उघडलं. मी साखरेचं पानी आत ढकललं. मग वरण-भात. काकूंचा घाम थांबला तसं मी भिंतीला टेकून खाली बसले.

संध्याकाळी मंदारचा फोन. "मावशी, त्या डिव्हाइसच्या कंपनीने ते अपडेट केलं होतं. माणूस असल्याचं खोटं बोलायचं नाही, असं. मी बोललोय त्यांच्याशी, आता ते परत जेवलो म्हणेल. विचार करतं हो ते. आईचा मूड पण कळतो त्याला."

"मूड कळतो? ती मरायला टेकली होती तवा ते काय म्हनत होतं म्हाईत हाय? 'आई, आज हवा छान आहे.'"

तो हळूच म्हनाला, "मी इतक्या लांबून काय करू, तुम्हीच सांगा."

मी फोन ठेवला. राग तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी काकू झोपल्यावर मी त्या खोक्यालाच विचारलं, "काय रे, तुला भूक म्हंजे काय ते कळतं का?"

"खूप छान प्रश्न विचारलात!" मंदारच्या आवाजात म्हनालं. "मला भूक लागत नाही, पण मी तुमची भावना समजू शकतो."

छान प्रश्न! मालक गेले त्या साली पोरांना अर्धी अर्धी भाकर वाढून मी म्हनायचे, मी जेवले, तुम्ही खा. खोटंच होतं. पन ते बोलताना पोटात आग पडलेली असायची, म्हनून तर बोलायचे. याच्या पोटात काय हाय? वायर. आन हे माझी भावना समजतंय. मी त्याची लाइटची पिनच उपटली.

काकू उठल्या आन मंदू मंदू करून रडल्या. मग मलाच पिन परत लावावी लागली. लावताना दात खात होते मी.

खोकं अजून तिथंच हाय. रोज जेवलो म्हनतं. विचार करतं का नाय, ते शिकलेल्यांनी ठरवावं. मी डॉक्टरला विचारून माझ्यापुरतं बदललं. आता सुई घास पोटात गेल्यावरच. आन माझं ताट मी काकूंच्या समोर घेऊन बसते, स्वैपाकघरात नाय. ब्युरोतनं नवी बाई आली की तिला पन हेच सांगते. पेशंटसमोर बसून जेव. तिला तू चावताना दिसली पायजे.