तिसरं घड्याळ

दुष्काळाच्या त्या वर्षी मी दिशादर्शक उपग्रहांची तब्येत पाहणाऱ्या केंद्रात कामाला होते. उपग्रहातलं अणुघड्याळ अचूक चाललं, तरच जमिनीवरच्या माणसाला आपण कुठे आहोत ते कळतं. आमच्या एका उपग्रहातली दोन घड्याळं आधीच बंद पडली होती. मग तिसरं, शेवटचंही थांबलं. खालून पुन्हा पुन्हा आज्ञा पाठवल्या, पण ते सुरू झालं नाही.

त्यानंतर मी चाकूरला घरी गेले. जवळच्या लातूरला तेव्हा रेल्वेनं पाणी येत होतं. बाबा रिकाम्या घागरी घेऊन टँकरची वाट पाहत बसले होते. तो उपग्रह सुटला तेव्हा याच गल्लीत त्यांनी पेढे वाटले होते.

"ते घड्याळ चालू झालं का?" त्यांनी विचारलं. ते बंद पडल्याचं मी फोनवर सांगितलं होतं.

"न्हाई, बाबा."

"वर जाऊन कुणी दुरुस्त करत न्हाई?"

"तितक्या वर कुणालाच जाता येत न्हाई."

"मग तुमी लोक काय करता?"

मी म्हणाले, "बॅटरी बघतो, तापमान बघतो. उपग्रह जागेवरनं सरकला की इंधन जाळून परत जागेवर आणतो."

बाबा म्हणाले, "म्हंजे जित्ता हाय, पर कामाचा न्हाई."

जन्मभर शेतमजुरी केलेल्या बाबांना त्या उन्हाळ्यात कुणी एकदाही कामाला बोलावलं नव्हतं. मी त्यांच्याशेजारी बसून राहिले. अंधार पडला तरी टँकर आला नाही, तेव्हा आम्ही घागरी उचलून घरात गेलो.