काम्प्सबाईंचा रिकामा वाडगा

रोसविथा काम्प्स खोटं वागल्या असं मला कुणी शपथेवर सांगितलं असतं, तरी मी त्यालाच वेड्यात काढलं असतं. त्यांच्या जिभेला हाड नव्हतं हे खरं, पण त्या जिभेवर खोटंही कधी नव्हतं. आमच्या गल्लीत म्हणायचे, काम्प्सबाई गोड बोलायला लागल्या की समजावं, कुणाच्या तरी घरी कुणीतरी गेलंय.

माझं केस कापायचं दुकान डुसेलडॉर्फच्या स्टेशनाजवळ, जपानी दुकानांच्या रांगेत आहे. बाई माझ्याकडेच यायच्या. एकदा त्यांच्या कपाळावरचे केस तिरके कापले गेले, तर भरल्या दुकानात म्हणाल्या, “ऊटे, आज कात्रीला सुट्टी दिली होतीस का गं?” मला रडू आलं होतं. पण केस तिरकेच होते.

नोकरी त्यांनी जन्मभर मोहरीच्या चटणीच्या कारखान्यात केली. काम एकच, चव घेऊन सांगायचं. त्या ‘नाही’ म्हणाल्या की अख्खं पिंप ओतून द्यायचे, आणि साहेबाचीसुद्धा हूं की चूं करायची टाप नव्हती. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, सवय सुटली नाही. मग पाववाल्याचा पाव, पाद्र्याचं प्रवचन, ट्रामची वेळ, सगळ्यांची चव त्या घेत बसल्या.

माएबारा या जपानी स्वयंपाक्याच्या रामेनच्या, म्हणजे रश्शातल्या नूडल्सच्या, दुकानात त्या पहिल्यांदा आल्या त्याही भांडतच. तिथे जागा राखून मिळत नाही. बाहेर उभं राहायचं, बोलावलं की आत जायचं, खायचं आणि उठायचं. “पैसे मोजून जेवायचं आणि वर रांग लावायची? मी काय रेशनला आलेय?” असं त्या दारातच ओरडल्या. माएबारांची बायको साचिको दार सांभाळायची. ती खळखळून हसली आणि म्हणाली, “आत या बाई, भांडण नूडल्स खाऊन करा. उपाशीपोटी रंगत नाही.”

त्या दिवसापासून दर गुरुवारी दुपारी बाई तिथे. नूडल्स सुर्रकन आवाज करत ओढायच्या हे साचिकोने त्यांना शिकवलं. “माझ्या आईने थोबाडीत दिली असती,” म्हणत म्हणत बाई शिकल्या. वाडगा दोन्ही हातांनी तोंडाला लावून रस्सा तळापर्यंत प्यायचा, आणि मग तो आपणच उचलून काउंटरच्या वरच्या फळीवर ठेवायचा, म्हणजे पलीकडे उभ्या माएबारांना तळ दिसतो, हेही तिनेच सांगितलं. “त्याला तोंडाने छान म्हटलेलं कळत नाही,” साचिको म्हणायची, “तो फक्त तळ बघतो.”

आता आम्ही जर्मन लोक नूडल्स खातो आणि रस्सा ठेवतो. कितीही चांगला असला तरी ठेवतो. त्यामुळे आमच्या वाडग्यांकडे बघणं माएबारांनी कधीच सोडलं होतं. तळ दाखवायचे ते आसपासच्या कचेऱ्यांतले जपानी कारकून, आणि आमच्यातल्या एकट्या काम्प्सबाई. त्यांचा वाडगा वर आला की माएबारा मान लववायचे. हा माणूस कमी बोलणारा, त्यामुळे ती मान म्हणजे बाईंना मेडलच.

गेल्या शरदात साचिको गेली. फार लवकर गेली, आणि दुकानाचा आवाज तिच्याबरोबर गेला. नाताळाच्या तोंडावर माएबारांनी दार पुन्हा उघडलं. रांग, पैसे, पुसापुशी, रांधणं, सगळं एकट्याने. पहिल्या गुरुवारी बाई गेल्या. एक घोट घेतला आणि जीभ आक्रसली. खारट. थोडंथोडकं नव्हे, परत पाठवावं असं खारट.

बाईंनी वर बघितलं. वाफेच्या पलीकडून माएबारा त्यांच्याचकडे बघत होते, डोळे सुजलेले. बाईंनी वाडगा तोंडाला लावला आणि सगळा रस्सा पिऊन टाकला. माएबारांनी मान लववली, नेहमीपेक्षा खाली. आजच्यापुरतं, असं बाईंनी मनाशी म्हटलं.

पुढच्या गुरुवारी तेच. आता सांगावं तर तो विचारणार, मागच्या वेळी का नाही सांगितलंत? म्हणून परत पिऊन टाकला. जिने आयुष्यात कधी खोटं केलेलं नाही, तिला ते थांबवायचं कुठे हेही कळत नाही. आम्ही सराईत लोक वेळेवर काहीतरी थाप मारून मोकळे झालो असतो.

मग डॉक्टरांनी रक्तदाबाचा आकडा बघून हात जोडले. बाईंनी काय करावं? पर्समध्ये थर्मास घेऊन जायला लागल्या. माएबारा नूडल्स उपसायला पाठ वळवायचे, तेवढ्यात वाडगा काउंटरखाली, रस्सा गुडघ्यांत धरलेल्या थर्मासात, आणि रिकामा वाडगा फळीवर. घरी येऊन थर्मास मोरीत ओतायचा. हे सगळं त्यांनी मला फार नंतर, ईस्टर होऊन गेल्यावर सांगितलं, माझ्याच खुर्चीत बसून, आणि बोलताना आरशात एकदाही बघितलं नाही.

दरम्यान जपानी कारकून एकेक करून यायचे थांबले. ते लोक तक्रार करत नाहीत. काम फार आहे म्हणतात आणि दुसऱ्या गल्लीत जेवतात. दारातली रांग संपली. मार्चमध्ये माएबारा केस कापायला आले तेव्हा मी विचारलं, जागेचा मालक पुढच्या पाच वर्षांचा करार मागतोय म्हणे, काय ठरवलंत?

“ईस्टरपर्यंत सांगायचंय,” ते म्हणाले. “लोक कमी झालेत. साचिकोशिवाय मला बघायला त्यांना अवघड वाटत असेल. पण काम्प्सबाईंचा वाडगा रिकामा येतोय तोवर हात चालतोय माझा. मी सही करीन.”

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. वाटलं, केवढं कौतुक केलं बाईंचं, सांगायलाच हवं. बाई डोकं धुवायला बसल्या होत्या तेव्हा सांगितलं. त्या एकदम म्हणाल्या, “पाणी फार गरम आहे.” पाणी कोमट होतं.

ईस्टरच्या आधीचा गुरुवार उजाडला. मीही तिथे जेवत होते, पण भात आणि चिकन. ते रश्शाचं प्रकरण मला कधी झेपलं नाही. बाई माझ्या डावीकडे. त्यांच्या पलीकडे कोलोनहून फरश्या बसवायच्या कामावर आलेला एक माणूस, जाकिटावर सिमेंट, आवाज डोंगरावर बोलल्यासारखा. आणखी चारदोन लोक होते, बस.

त्याने पहिला चमचा तोंडात घातला आणि म्हणाला, “अहो महाराज, हा रस्सा आहे की समुद्र?”

माएबारा जागीच थांबले. आमच्या गावाचं आणि कोलोनचं बियरवरून पिढीजात वैर; त्याची बोली ओळखून काम्प्सबाई फणा काढून वळल्या. “कोलोनच्या माणसाने चवीचं बोलू नये! पाण्यासारखी बियर पिता तुम्ही, तीही औषधाच्या मापाने.”

“आमची बियर पाणी तर पाणी, आजी, निदान ह्या रश्शासारखी घशाला चरे तरी पाडत नाही.”

लोक हसले. माएबारा हसले नाहीत. त्याचा वाडगा त्यांनी ओढून घेतला आणि शांतपणे म्हणाले, “या बाई दर आठवड्याला तळापर्यंत पितात.”

“पितात?” तो माणूस म्हणाला. वाईट नव्हता बिचारा, त्याला खरंच मजा वाटली होती. “अहो, आत्ता तुमची पाठ वळली तेव्हा त्यांनी तो थर्मासात ओतला! मी म्हटलं मांजराला नेत असतील!”

बाईंच्या मांडीवर थर्मास तसाच होता, झाकण लावायचं राहिलेलं. त्यातून वाफ येत होती. मी आयुष्यात बाईंना लाजलेलं बघितलं नव्हतं. मान, कान, कपाळ, सगळं लालबुंद झालं. त्यांनी थर्मास उचलून काउंटरवर ठेवला. दुसरं काही करण्यासारखं उरलंच नव्हतं.

माएबारांनी आत वाकून बघितलं. “कधीपासून?” त्यांनी विचारलं.

“नाताळाच्या आधीपासून,” बाई म्हणाल्या. “आधी पीत होते. मग पिववेना.”

मग त्यांनी हातातला कपडा घडी करून बाजूला ठेवला. “मला चव लागत नाही, बाई,” ते म्हणाले. “साचिकोनंतर ताप आला होता ना, तेव्हा गेली ती आलीच नाही. मीठ नाही, मासा नाही, काही नाही. स्वयंपाक्याने हे कुणाला सांगायचं? वाटलं, कमी पडत असेल, म्हणून थोडं थोडं वाढवत गेलो. तुमचा वाडगा बघून.”

मला तिथून उठून जावंसं वाटलं. दोन म्हातारी माणसं आपापली लाज काउंटरवर मांडून बसली होती आणि आम्ही सगळे चमचे हातात धरून बघत होतो.

“कारखान्यात तुम्ही पिंपंच्या पिंपं ओतायला लावलीत,” माएबारा म्हणाले. “साचिको मला सांगायची. माझं एक पिंप का नाही ओतायला लावलंत?”

बाईंना गोड उत्तर शोधता आलं असतं. पण आता कुठे त्या मूळच्या काम्प्सबाई झाल्या. “त्या पिंपांची मला कीव येत नव्हती,” त्या म्हणाल्या.

माएबारांनी डोळे मिटले. थप्पड मारली असती तर ती त्यांना बरी वाटली असती, असा चेहरा झाला. मग ते म्हणाले, “आज संध्याकाळी मालकाला कळवायचंय. हात चालतो की नाही ते आत्ता कळू दे. सांगा.”

त्यांनी एक छोटा वाडगा भरून बाईंपुढे ठेवला. बाईंनी घोट घेतला. “खारट.” माएबारांनी तो वाडगा मोरीत ओतला आणि वाडग्याच्या तळाशी घालायचा खारा मसाला कमी करून दुसरा केला. “अजून खारट.” तोही ओतला. तिसरा. “आता मिठाला ठीक, पण सपक. आल्याचा वास कुठे गेला?” बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. कुणी हलत नव्हतं. कोलोनवाल्यानेसुद्धा टोपी काढून मांडीवर ठेवली होती.

चौथ्या वाडग्याला माएबारांना वेळ लागला. आलं किसलं, पातेल्यातला रस्सा घातला. बाईंनी घोट घेतला. आणखी एक घेतला. मग वाडगा खाली ठेवून म्हणाल्या, “बरोबर आहे. पूर्वीसारखा.”

माएबारा त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तो वाडगा दोन्ही हातांनी उचलला, बाईंच्या पुढून बाजूला नेला आणि कोलोनच्या माणसापुढे ठेवला.

“तुम्ही सांगा,” ते म्हणाले.

तो माणूस गोंधळला. बाईंकडे बघून “पण त्यांनी आत्ताच...” म्हणायला लागला. त्याने चमचा बुडवला. मग चमचा ठेवला, वाडगाच उचलला आणि सगळा पिऊन टाकला. “हा चांगला आहे,” तो म्हणाला. “देवाशप्पथ चांगला आहे.” माएबारांनी त्याच्यापुढे मान लववली, खूप खाली, आणि आत जाऊन मालकाला फोन लावला.

काम्प्सबाई उठल्या. कोटाची बटणं त्यांना लागेनात, मी लावून दिली. दाराबाहेर आल्यावर त्यांनी माझा दंड घट्ट धरला. एवढ्या वर्षांत या बाईंनी कुणाला स्वतःच्या जिभेबद्दल काही विचारलेलं मी ऐकलं नव्हतं.

“ऊटे,” त्या हळूच म्हणाल्या, “बरोबर होता ना गं तो रस्सा?”

मी तो चाखलासुद्धा नव्हता.

“हो,” मी म्हणाले. “अगदी बरोबर होता.”